घरगुती चित्रफितींच्या नकला : पेण व रोहें येथील अनुभवावरून

(१)

ऐतिहासिक साधनें म्हटलीं म्हणजे दफ्तरें, बखरी, ताम्रपट, शिलालेख व नाणीं हींच आपल्या डोळ्यांपुढें येतात. परंतु पेण-रोह्याकडील घरांच्या माळ्यांवर आणखी एका जातीचें साधन गेलीं तीस-चाळीस वर्षें पडून आहे. तें म्हणजे घरगुती व्हिडिओ-कॅसेट. लग्न, मुंज, गौरी-गणपति, धावीर महाराजांची पालखी, शाळेचें स्नेहसंमेलन, असे प्रसंग या फितींवर उतरले आहेत. त्या काळची बोली, पेहराव, घरांची ठेवण, जेवणावळीची रीत व आतां हयात नसलेल्या माणसांचा प्रत्यक्ष आवाज हीं त्यांत जशीं सांपडतात तशीं कोणत्याहि कागदांत सांपडणार नाहींत. मोडी कागद दोन-तीनशें वर्षें टिकले. या फिती मात्र एका पिढीच्या डोळ्यांदेखत नष्ट होत आहेत. फितींची घडण, त्यांच्या नाशाचीं कारणें व संगणकाच्या साहाय्यानें त्यांची नक्कल करण्याची रीत, एवढा विषय प्रस्तुत लेखांत घेतला आहे.

(२)

घरगुती उपयोगाची बेटामॅक्स फीत सोनी कंपनीनें १९७५ सालीं व व्ही. एच. एस. फीत जे. व्ही. सी. कंपनीनें १९७६ सालीं बाजारांत आणली. आपल्याकडे व्ही. एच. एस.चाच प्रसार अधिक झाला. १९८२ सालच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्तानें रंगीत दूरदर्शन आलें, व आखातांत नोकरीस गेलेल्या कोंकणी मंडळींनीं परततांना व्ही. सी. आर. आणण्यास आरंभ केला. पुढें दहा वर्षांच्या आंतच लग्नाच्या खर्चाच्या यादींत 'व्हिडिओ शूटिंग' ही बाब नियमानें दिसूं लागली. १९९५ नंतर मिनी डी. व्ही. ही लहान फीत आली व हळूहळू जुनी मागें पडली. व्ही. एच. एस. यंत्रें करणारा अखेरचा मोठा कारखाना, जपानांतील फुनाई कंपनीचा, जुलै २०१६ अखेर थांबला.

याचा अर्थ असा कीं, फीत शाबूत असली तरी ती वाचणारें यंत्र नवें मिळत नाहीं. मोडी वाचणारा माणूस गांवांत उरला नाहीं म्हणजे दफ्तराची जी गत होते तीच ही. मोडी तरी पुनः शिकतां येते. झिजलेलें यंत्र-शीर्ष पुनः घडवितां येत नाहीं. २०१९ सालीं युनेस्कोच्या एका उपक्रमानें व ध्वनि-चित्र-संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें सर्व जगांतील संग्राहकांस इशारा दिला कीं, चुंबकीय फितींवरील मजकूर २०२५ च्या सुमारापर्यंत संगणकावर उतरून न घेतल्यास त्यांतील बराचसा कायमचा हातचा जाईल. ती मुदत आतां सरली आहे.

(३)

व्ही. एच. एस. फीत सुमारें अर्धा इंच रुंद असते. पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण एका चिकट द्रव्यांत बसविलेले असतात, व या कणांच्या चुंबकत्वांत चित्र सांठविलेलें असतें. यंत्रांत ६२ मिलिमीटर व्यासाचें एक तिरपें चक्र आपल्याकडील पद्धतींत सेकंदास २५ वेळां फिरतें. त्यावरील दोन शीर्षें, ज्यांस दुरुस्ती करणारे 'हेड' म्हणतात, फितीवर तिरप्या रेघा ओढतात. प्रत्येक रेघेंत अर्धें चित्र असतें. प्रथम विषम ओळी व मग सम ओळी. अशा पन्नास अर्ध्या चित्रांचीं सेकंदास पंचवीस पूर्ण चित्रें होतात. फीत स्वतः सेकंदास सुमारें २३ मिलिमीटरच सरकते. पण चक्राच्या गतीमुळें शीर्ष तिच्यावरून सेकंदास जवळ जवळ पांच मीटर वेगानें घासत जातें. साधा आवाज मात्र फितीच्या कडेनें सरळ रेषेंत निराळा नोंदलेला असतो. म्हणून फितीची कड दुमडली म्हणजे चित्र राहून आवाज जातो.

फितीचे शत्रु मुख्यतः तीन. पहिला ओलावा. कण धरून ठेवणारें द्रव्य हवेंतील पाणी शोषतें व कालांतरानें त्याचें विघटन होतें. अशा वस्तूंस हवेंतील आर्द्रता तीस ते चाळीस टक्के असावी असें म्हणतात. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने ती बहुधा ऐंशींच्या वर असते. दुसरा शत्रु बुरशी. कॅसेटीच्या खिडकींतून पाहिल्यास फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी किंवा जाळें दिसतें तेंच हें. तिसरा शत्रु खुद्द यंत्र. वर्षानुवर्षें न वापरलेल्या यंत्रांतील रबरी चाकें कडक झालेलीं असतात व तीं फीत ओढून चुरगळतात. जुन्या पोथ्यांच्या शेवटीं लेखक लोक तेल, पाणी, सैल बांधणी व मूर्खाचा हात यांपासून ग्रंथाचें रक्षण करण्याची विनवणी करीत. ती या फितींसहि शब्दशः लागू पडते.

(४)

मूर्खाचा हात म्हणजे काय, याचें उदाहरण दूर शोधावयास नको. तें लेखकाच्याच घरचें आहे. पेण येथील आमच्या वडिलोपार्जित घरीं सात कॅसेटी होत्या. त्यांपैकीं एक माझ्या धाकट्या बहिणीच्या १९९० सालच्या लग्नाची 'कच्ची' कॅसेट, म्हणजे काटछांट करण्यापूर्वीची. सजविलेल्या कॅसेटींत छायाचित्रकारानें हळदीच्या प्रसंगावर सिनेमाचें गाणें चढविलें होतें. कच्च्या कॅसेटींत मात्र घाणा भरतांना आमच्या मातोश्रींनीं म्हटलेल्या ओव्या जशाच्या तशा होत्या. त्या ओव्या त्यांच्या आजीपासून आलेल्या होत्या, व कोणीं लिहून घेतल्या नव्हत्या.

२००६ सालीं एका दुकानदारानें सातहि कॅसेटी दोन डी. व्ही. डी. तबकड्यांवर उतरून दिल्या. आम्हांस आनंद झाला. घरांतील अडचण कमी व्हावी म्हणून मूळ कॅसेटी भंगारवाल्यास द्याव्या असें ठरलें, व त्यास मीं संमति दिली. आयुष्यभर मुलांस पाठभेद व मूळ प्रत यांचें महत्त्व शिकविलेल्या माणसानें ही संमति दिली, हें येथें मुद्दाम नमूद करतों. २०१९ सालीं त्यांपैकीं एक तबकडी अडखळूं लागली. चित्र गोठे, आवाज तुटे. ओव्यांचा भाग त्याच तबकडीवर होता. मातोश्री २००१ सालींच वारल्या होत्या.

सहा कॅसेटी गेल्या; एक वांचली, ती आमच्या शहाणपणानें नव्हे. शेजारच्या गणपतीच्या कारखान्याच्या चित्रणाची कॅसेट त्या घरच्या मंडळींनीं पाहण्यासाठीं उसनी नेली होती व परत द्यावयाची राहिली. मूळ ग्रंथ नष्ट होऊन उसना गेलेला तेवढा उरावा, असे प्रसंग पोथ्यांच्या इतिहासांतहि पुष्कळ आहेत.

(५)

ही वांचलेली कॅसेट २०२२ च्या माघांत हातीं आली. तिच्यावर बुरशी होती. त्या वेळीं अवलंबिलेली रीत क्रमानें देतों.

(अ) बुरशी असलेली कॅसेट यंत्रांत घालूं नये. ती यंत्रास लागते व यंत्रावरून पुढच्या प्रत्येक कॅसेटीस लागते. प्रथम ती कोरड्या जागीं कांहीं आठवडे ठेवावी. बुरशी सुकल्यावर नाकातोंडास फडकें बांधून, घराबाहेर, मऊ व कोरड्या कापडानें फीत हलकेच पुसावी. हें काम कोंकणांत कार्तिक ते फाल्गुन याच महिन्यांत करावें.

(आ) कॅसेटीच्या मागील कडेची लहान टिकली मोडून टाकावी, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरें कांहीं मुद्रित होणार नाहीं.

(इ) यंत्राचीं शीर्षें जाणकाराकडून साफ करून घ्यावीं व प्रथम एखादी निरुपयोगी कॅसेट लावून पाहावी. मौल्यवान फितीवर यंत्राची परीक्षा करूं नये. आम्हांस रोह्यांतील एका स्नेह्यांचें यंत्र मिळालें.

(ई) यंत्रामागील पिवळें, पांढरें व तांबडें अशीं तीन छिद्रें अनुक्रमें चित्र व दोन बाजूंचा आवाज यांचीं असतात. त्यांतून निघालेल्या तारा एका लहानशा रूपांतरकास जोडाव्या व तो संगणकास जोडावा. हा रूपांतरक चित्राचें अंकांत रूपांतर करतो. फीत तीन तासांची असेल तर नक्कल होण्यास तीनच तास लागतात. येथें घाई चालत नाहीं. तेवढा वेळ संगणकावर दुसरें काम करूं नये, नाहीं तर मधलीं चित्रें गळतात व ओठ आणि आवाज यांचा मेळ सुटतो.

(उ) पहिली नक्कल शक्य तितकी कमी दाबून घ्यावी. हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळें त्याचा विस्तार करतों.

आपल्या पद्धतीचें चित्र मुळींच न दाबतां सांठविल्यास तासास सुमारें ७५ गिगाबाइट जागा लागते; डी. व्ही. पद्धतीनें सुमारें १३. डी. व्ही. डी.ची साधी तबकडी ४.७ गिगाबाइटची, तिच्यावर बऱ्या प्रतीचें चित्र सुमारें दोन तास मावतें. आमच्या दुकानदारानें एकेका तबकडीवर साडेतीन कॅसेटी कोंबल्या होत्या. अशा वेळीं संगणक चित्रांतील बारकावे वगळतो व स्थूल आकार तेवढा ठेवतो. एखाद्या लेखकानें पोथी उतरतांना टीका व समासांतील टिपा गाळून नुसता सारांश लिहावा, तसाच हा प्रकार. अंकांची नक्कल पुढें कितीहि वेळां केली तरी झिजत नाहीं, हें खरें. पण पहिल्या वेळीं जें गळलें तें पुढच्या शंभर नकलांतहि गळलेलेंच राहतें.

(६)

या भेदाचें फळ काय तें याच कॅसेटीनें दाखविलें. तींत वृद्ध कारागीर शाडूची माती मळून सांचांत कशी दाबावी हें सांगत आहेत, व पुढें मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करतांना श्वास केव्हां रोखावा तें आपल्या नातवास समजावीत आहेत. कॅसेटीच्या पाठीवर '१९९२' असें लिहिलेलें होतें. चित्राच्या कोपऱ्यांत कॅमेऱ्यानें उमटविलेली तारीख १ जानेवारीची. ती तर उघडच खोटी, कारण बाहेर मुसळधार पाऊस दिसतो. कॅमेऱ्याची विजेरी संपली म्हणजे त्याचें घड्याळ असें मूळपदावर जातें. म्हणून असल्या तारखांस प्रक्षिप्त मजकुराहून अधिक मान देऊं नये.

एके ठिकाणीं कॅमेरा मूर्तीवरून भिंतीकडे वळतो व क्षणभर दिनदर्शिकेचें पान दिसतें. तबकडीवर तेथें नुसता करडा ठिपका आहे. नव्या नकलेंत मात्र 'अधिक भाद्रपद' हीं अक्षरें वाचतां येतात. अधिक भाद्रपद शके १९१५ मध्यें, म्हणजे १९९३ सालीं आला होता. त्यापूर्वींचा १९७४ सालचा. त्या वेळीं ही फीत जन्मासहि आली नव्हती. त्यानंतरचा २०१२ सालचा. तोंपर्यंत ते कारागीर हयात नव्हते. सबब हें चित्रण १९९३ च्या पावसाळ्यांतील ठरतें. त्या वर्षीं गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला, म्हणजे बरीच उशिरां आली. पान ऑगस्टचें असूनहि कारखान्यांत अजून कच्च्या मूर्ती रांगेनें मांडलेल्या दिसतात, त्याचाहि उलगडा यानें होतो. पाठीवरील '१९९२' हें मागाहून आठवणीनें लिहिलेलें असावें.

(७)

नक्कल झाल्यावर ती ठेवावी कशावर, हा प्रश्न उरतो. घरीं लिहितां येणाऱ्या तबकडींत एक रंगद्रव्य असतें व तें उष्णतेनें व प्रकाशानें विटतें. म्हणून केवळ तबकडीवर विसंबूं नये. शिवाय तबकडी वाचणारें साधन नव्या संगणकांतून नाहींसें होत चाललें आहे. नकलेच्या निदान तीन प्रती असाव्या. त्या दोन निरनिराळ्या जातींच्या वस्तूंवर असाव्या, व एक प्रत दुसऱ्या गांवीं असावी. २६ जुलै २००५ चा पाऊस आठवणाऱ्या रायगडकरांस या शेवटच्या नियमाचें कारण सांगावयास नको. आमची एक प्रत पेण येथें, दुसरी रोह्यास व तिसरी पुण्यास पुतण्याकडे आहे. दर दोन-तीन वर्षांनीं प्रती उघडून पाहाव्या व नव्या डिस्कवर उतराव्या. प्रत्येक नकलेसोबत एक शेरा लिहून ठेवावा : कॅसेट कोणाची, कोणत्या यंत्रावर व केव्हां उतरली, तारीख कशावरून ठरविली, कोण कोण ओळखूं येतात. ओळखणारीं वृद्ध माणसें आहेत तोंच हें करावें. एखाद्या घरचें खासगी चित्रण दुसऱ्यास दाखविण्यापूर्वीं त्या घरच्यांची संमति घ्यावी. आणि नक्कल कितीहि उत्तम झाली तरी मूळ फीत टाकूं नये.

कारखान्याच्या चित्रणाची एक प्रत त्या कारागिरांच्या नातवास दिली. तोच आतां कारखाना चालवितो. त्यानें आखणीचा भाग तीनदां पाहिला व आजोबांचा श्वास कोठें थांबतो तें मोजून घेतलें. आमच्या मातोश्रींच्या ओव्यांची तबकडी निरनिराळ्या चार संगणकांवर लावून पाहिली. एकावर जेथें अडे तेथें दुसऱ्यावर कधीं कधीं पुढें सरके. अशा रीतीनें सलग वाचतां आलेला भाग चार मिनिटांचा भरला. त्यांतील ओव्या मीं व बहिणीनें ऐकून कागदावर लिहिल्या. दोन ओव्या अर्ध्याच आहेत. त्यांचा उरलेला अर्धा भाग आम्हां दोघांसहि आठवत नाहीं. पेण किंवा रोहें तालुक्यांतील कोणाच्या घरीं घाण्याच्या प्रसंगाची कच्ची कॅसेट असल्यास ती त्यांनीं या पावसाळ्यापूर्वींच उतरून घ्यावी, अशी विनंति आहे.