मल्टिपल मायलोमा : प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाचे निदान

प्रस्तावना :
अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी रोगजंतूंचा प्रतिकार करणारी प्रतिपिंडे निर्माण करतात. निरोगी व्यक्तीच्या अस्थिमज्जेत त्यांचे प्रमाण सामान्यतः ५ टक्क्यांहून कमी असते. त्यांपैकी एकाच पेशीची संतती अनिर्बंध वाढू लागली म्हणजे मल्टिपल मायलोमा हा कर्करोग उद्भवतो. हा आजार प्रामुख्याने उतारवयात आढळतो. पाठदुखी, थकवा व वारंवार होणारा जंतुसंसर्ग ही त्याची लक्षणे वार्धक्याची म्हणून दुर्लक्षिली जातात. पाठदुखीसाठी घेतलेल्या काही वेदनाशामक गोळ्या या रोगाने आधीच दुर्बल झालेल्या मूत्रपिंडांना अधिक इजा करतात. त्यामुळे निदानातील विलंब येथे विशेष घातक ठरतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१८४५ मध्ये लंडन येथे थॉमस वॉटसन व विल्यम मॅकिन्टायर या वैद्यांनी हाडांच्या तीव्र वेदनांनी पीडित अशा एका रुग्णाच्या लघवीचा नमुना हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे तपासणीसाठी पाठविला. त्यात आम्ल घातल्यावर तयार होणारा साका उष्णतेने विरघळत असे व थंड होताच पुन्हा दिसे. या प्रथिनास पुढे ‘बेन्स जोन्स प्रथिन’ असे नाव मिळाले. ते प्रतिपिंडाची हलकी शृंखला असल्याचे १९६२ मध्ये एडेलमन व गॅली यांनी दाखवून दिले.

रक्त व लघवीची तपासणी :
प्राथमिक तपासणीत हिमोग्लोबिन, कॅल्शियम व क्रिएटिनिन यांचे प्रमाण पाहिले जाते. त्यानंतर प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस केले जाते. निरोगी व्यक्तीत प्रतिपिंडे अनेकविध असल्याने त्यांचा आलेख पसरट दिसतो. मायलोमात एकाच प्रकारचे प्रतिपिंड विपुल असल्याने अरुंद व उंच शिखर दिसते. यास ‘एम-प्रथिन’ म्हणतात. त्याचा नेमका प्रकार इम्युनोफिक्सेशनने ठरतो. काही रुग्णांत केवळ हलक्या शृंखलाच निर्माण होतात. अशा वेळी रक्तातील मुक्त हलक्या शृंखलांची चाचणी उपयुक्त ठरते. लघवीची नेहमीची पट्टी-चाचणी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. म्हणून ती निर्दोष आली तरी बेन्स जोन्स प्रथिन नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

अस्थिमज्जा व हाडांची तपासणी :
कमरेच्या हाडातून अस्थिमज्जेचा द्रव व तुकडा घेऊन प्लाझ्मा पेशींचे प्रमाण मोजले जाते. त्या एकाच पेशीच्या वंशातील आहेत काय, हेही तपासले जाते. गुणसूत्रांतील बदलांवरून रोगाच्या तीव्रतेचा अंदाज बांधता येतो. साध्या क्ष-किरण चित्रात हाडाची बरीच झीज झाल्याशिवाय दोष दिसत नाही. म्हणून संपूर्ण शरीराचे कमी मात्रेचे सीटी स्कॅन, पेट-सीटी किंवा एमआरआय अधिक विश्वसनीय ठरते. नेहमीचा अस्थि-स्कॅन नव्या हाडाच्या निर्मितीवर अवलंबून असतो. मायलोमात ही निर्मितीच दबलेली असल्याने तो फसवा ठरू शकतो.

निदानाचे निकष :
आंतरराष्ट्रीय मायलोमा कार्यगटाने २०१४ मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार अस्थिमज्जेत एकवंशीय प्लाझ्मा पेशी किमान १० टक्के असाव्या लागतात, अथवा बायोप्सीने सिद्ध झालेली प्लाझ्मा पेशींची गाठ असावी लागते. त्यासोबत वाढलेले कॅल्शियम, मूत्रपिंडाची बिघडलेली कार्यक्षमता, रक्तक्षय किंवा हाडांची झीज यांपैकी किमान एक लक्षण या रोगामुळे उद्भवलेले असावे. अशी हानी झालेली नसली तरी पुढील तीनपैकी एक बाब निदानास पुरेशी मानली जाते : प्लाझ्मा पेशी ६० टक्के वा अधिक असणे, मुक्त हलक्या शृंखलांचे गुणोत्तर १०० वा अधिक असणे (बाधित शृंखला प्रतिलिटर किमान १०० मिलिग्रॅम असताना), किंवा एमआरआयमध्ये एकाहून अधिक दोषस्थाने आढळणे. या सुधारणेमुळे अवयवांची हानी होण्यापूर्वीच उपचार सुरू करणे शक्य झाले.

एम-प्रथिन आढळले म्हणजे कर्करोग झालाच असे मात्र नव्हे. ते प्रति डेसिलिटर ३ ग्रॅमहून कमी, प्लाझ्मा पेशी १० टक्क्यांहून कमी व अवयव सुरक्षित असतील, तर ती पूर्वावस्था असते. तिचे गंभीर आजारात रूपांतर होण्याचा धोका वर्षाला सुमारे १ टक्का असतो. अशा व्यक्तीस औषधांची नव्हे, तर नियमित तपासणीची गरज असते.

समारोप :
मायलोमाचे निदान कोणत्याही एका चाचणीवर अवलंबून नाही. रक्त, लघवी, अस्थिमज्जा व हाडे यांच्या पुराव्यांचा एकत्रित विचार करावा लागतो. तथापि या साखळीची पहिली कडी संशय ही आहे. उतारवयातील न थांबणारी पाठदुखी आणि कारण न सापडणारा रक्तक्षय एकत्र आढळल्यास प्रथिनांची तपासणी वेळीच करून घेणे, हे रुग्णाची हाडे व मूत्रपिंडे वाचविण्याच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे ठरते.