गाडी उन्हात लावा, प्लीज!

एप्रिलची दुपार, पुण्याचं रणरणतं ऊन आणि झाडाखाली पार्किंगची एकच जागा. तुम्ही काय कराल? अर्थात, ती पटकावाल! तीही तेच करते. स्कूटर सावलीत लावते आणि हातातलं गाडीचं छोटं मॉडेल मात्र कट्ट्यावर भर उन्हात ठेवते. "याला ऊन लागतं गं ताई!"

ती इथे ऑटोमोबाइल डिझाइन शिकते. शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट सोलर कार. 'नाव छापू नकोस, फायनल ज्युरी व्हायचीय,' ही पहिली अट. मी निघतानाच मथळा ठरवून टाकला होता, 'पेट्रोलला बाय-बाय!' कॉफी येईपर्यंत तिने त्याची हवा काढली.

टिश्यू पेपरवर तिने गणित मांडलं. ऐन दुपारी एक चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. चांगलं पॅनेल त्यातलं २२ टक्के विजेत बदलतं. तिच्या टू-सीटरच्या टपावर जागा दीड चौरस मीटर. म्हणजे हातात आले ३३० वॅट. "आईच्या मिक्सरला याहून जास्त लागतात!"

मग गाडी पळते कशी? फंडा असा, की पॅनेल दिवसभर थेंबे थेंबे बॅटरी भरत राहतं. स्वच्छ उन्हात, गळती वजा जाता, दिवसाला दीडेक युनिट जमतं. गाडी हलकी असेल तर तेवढ्यात १५ किलोमीटर होतात. म्हणून तिची सगळी मारामारी वजनाशी. एक माणूस आणि एक लॅपटॉप न्यायला टनभर लोखंड कशाला, हा तिचा प्रश्न. रोज एकट्याने गाडीतून ऑफिसला जाणाऱ्यांनो, ऐकताय ना?

हे वेड जुनंच आहे. १९८७मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विन ते अ‍ॅडलेड अशी सुमारे ३००० किलोमीटरची पहिली वर्ल्ड सोलर चॅलेंज झाली. जनरल मोटर्सच्या 'सनरेसर'ने ती ताशी सरासरी ६७ किलोमीटरने जिंकली. पण तिच्यात माणूस एकच मावायचा. २०१३मध्ये नेदरलंड्समधल्या आइंडहोवनच्या विद्यार्थ्यांनी चार सीट्सची 'स्टेला' उतरवली आणि क्रूझर गट मारला. त्यांच्यातल्या काहींनी पुढे लाइटइयर कंपनी काढली. गाडीची किंमत अडीच लाख युरो! जानेवारी २०२३मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आपल्या पुण्याच्या वेव्ह मोबिलिटीने जानेवारी २०२५मध्ये छोटी 'ईव्हा' आणली. सोलर टपावर वर्षाला ३००० किलोमीटरपर्यंत, असा कंपनीचा दावा. बाकी चार्जिंग प्लगवरच.

तिची खरी डोकेदुखी वेगळीच. उन्हात उभी गाडी म्हणजे भट्टी. मग एसी लावा आणि कमावलेली वीज उडवा! वर पॅनेल तापलं, की तेही कमी वीज देतं. उपाय तिला आजीच्या अंगणात सापडला. मांडव! तिने पॅनेल टपापासून चार बोटं वर उचललं, मधून हवा खेळती ठेवली. गाडी स्वतःची सावली स्वतःच घेऊन फिरते. सॉलिड ना?

मोठं मॉडेल करायला एक स्पॉन्सर तयार होता. अट एवढीच, पोस्टरवर लिहायचं 'चार्जिंगची गरजच नाही.' ती नाही म्हणाली. पैसे गेले. आता शनिवार-रविवार ड्रॉइंगचे क्लासेस घेऊन फोमचे पैसे जमवतेय.

"एक ओळ तर होती, लिहायची," मी म्हटलं.

"आणि जुलैत गाडी बंद पडली की लोकांना काय सांगू?"

मी गप्प. माझा मथळा तरी याहून वेगळा कुठे होता?

तिच्या प्रेझेंटेशनच्या शेवटच्या पानावर गाडी नाहीच, उघड्यावरचं पार्किंग आहे. आपल्या ऑफिसांची पार्किंग बेसमेंटमध्ये, आणि तिथे तिची सोलर कमाई शून्य. "गाडी काढायला बसले आणि पार्किंग काढावं लागलं," ती हसते. पोस्टरवर आता मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'उन्हाळ्यात रोजचे १५ किलोमीटर उन्हाचे, बाकीचे प्लगचे.'

ज्युरी पुढच्या आठवड्यात आहे. तेवढ्या दिवसापुरते ढग नकोत, एवढंच!