घर विकायचंय? रंगाआधी कागद

चैत्रात रामनवमीच्या यात्रेला संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या आणि जगदंबेच्या दर्शनासाठी बंजारा समाज पोहरादेवीला लोटतो. महाराष्ट्रातून, तसाच तेलंगण-कर्नाटकातूनही. 5 ऑक्टोबर 2024 रोजी इथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं आणि मानोरा तालुक्यातल्या या गावाचा बोलबाला आणखी वाढला. अशा गावात ज्याचं घर आहे, त्याला वाटतं गिऱ्हाईक दारात चालत येईल. येईलही. पण कागद मागितल्यावर ते टिकेल का, हा खरा प्रश्न आहे.

नमुना 8 पुरेसा नाही

खेड्यात घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, अशी समजूत आहे. तो कर आकारणीचा कागद आहे. मालकीचा पक्का पुरावा नव्हे. त्यावर कित्येकदा वारलेल्या आजोबांचंच नाव असतं. मग बँक कर्ज द्यायला कचरते, परगावचा माणूस पैसा अडकवत नाही. उरतो शेजारी, नाहीतर भाऊबंद. आणि गिऱ्हाईक एकच उरलं की भाव तेच ठरवतं.

24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातल्या घरांची ड्रोननं मोजणी होऊन मालमत्ता पत्रक आणि सनद मिळते. आपलं पत्रक तयार असेल तर नाव, क्षेत्र आणि चतुःसीमा बारकाईनं पाहाव्यात. चूक असली तर घर विकायला काढण्याआधीच भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करावा. घर गावठाणाबाहेर किंवा तांड्याच्या वाढीव वस्तीत असेल तर सातबारा काढून पाहावा. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. गायरानावरचं अतिक्रमण कितीही जुनं असलं, तरी नुसत्या ताब्यानं मालकी येत नाही आणि जी मालकी नाही ती विकता येत नाही.

बहिणीची सही

घर वडिलोपार्जित असेल तर वारस नोंद आधी करावी. हिंदू उत्तराधिकार कायद्यात 2005 मध्ये दुरुस्ती झाल्यापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचाही मुलाइतकाच हक्क आहे. ती सासरी गेली म्हणून तो संपत नाही. बहिणींनी खरेदीखतावर सही करावी, किंवा स्वखुशीनं हक्कसोडपत्र नोंदवून द्यावं. कोणी ऊसतोडीला, कोणी पुण्या-मुंबईला कामाला गेलेलं असतं. सगळे सण-यात्रेला गावात असतात, तेव्हाच हे उरकून घ्यावं.

डागडुजी किती करावी?

नव्या फरशीवर घातलेला पैसा किमतीत वसूल होईलच असं नाही. टिनाची गळती बुजवा, भिंतींना चुना द्या, मोरी-संडास वापरता येण्याजोगे करा, अंगणातलं भंगार हलवा. वीजबिल आणि घरपट्टीची बाकी भरून पावत्या एकत्र ठेवा. यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी घर पाहणारा माणूस स्वयंपाकघरापेक्षा पाणी, संडास आणि गाडी दारापर्यंत येते का, हे आधी विचारेल.

पण रंग देऊन ओल झाकू नका. सहज नजरेत न येणारा, पण विकणाऱ्याला ठाऊक असलेला मोठा दोष सांगणं मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार बंधनकारक आहे. वाटेचा वाद, कर्जाचा बोजा किंवा रस्ता रुंदीकरणाची नोटीस असेल तर तीही आधीच सांगावी.

भाव आणि सौदा

‘तीर्थक्षेत्राचं गाव’ म्हणून आकाशातला भाव सांगितला तर घर वर्षानुवर्षं विकायलाच राहतं. मुद्रांक विभागाचे वार्षिक मूल्यदर तक्ते आणि आसपासच्या नोंदवलेल्या व्यवहारांच्या किमती पाहून आकडा ठरवावा. सोयाबीन, कापूस, तूर विकून हातात पैसा येतो, तेव्हा गावातलं गिऱ्हाईक हलतं. जूनमध्ये तोच पैसा बी-खतात जातो.

सौदा जमला की इसार घेऊन करारनामा लेखी करावा. स्टॅम्प पेपरवर नोटरी केली म्हणजे घर विकलं गेलं, हा समज महागात पडतो. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानंच होते. आयकर कायद्यानुसार अशा व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीनं घेता येत नाही, म्हणून इसारही बँकेतूनच घ्यावा.

गिऱ्हाईक शोधत फिरण्याआधी मालमत्ता पत्रक, वारस नोंद, कराच्या पावत्या आणि वीजबिल एका फाइलमध्ये लावा. ती फाइल पाहून परगावचा माणूस थांबला, बँकेनं होकार दिला, की शेजाऱ्यालाही आपला भाव वाढवावा लागतो.