शालीखालचे हात : चित्रपटाच्या प्रारंभाची कला

चित्रपटाच्या प्रारंभाने कथेची जातकुळी सांगावी, पात्रांची ओळख करून द्यावी आणि पुढे काय होणार याची उत्सुकता लावावी, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. परंतु उत्तम प्रारंभ जेवढे दाखवतो तेवढेच झाकूनही ठेवतो, आणि काही झाकले आहे याची शंकाही प्रेक्षकाला येऊ देत नाही. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला, रमेश सिप्पी दिग्दर्शित ‘शोले’ हा याचा आपल्याकडचा सर्वांत देखणा नमुना आहे.

एका आडस्थानकावर गाडी थांबते, तिच्यातून तुरुंगाधिकारी उतरतो, गावच्या ठाकूरचा नोकर रामलाल त्याला न्यायला आलेला असतो आणि मग श्रेयनामावली पडद्यावरून सरकत असताना दोन घोडेस्वार माळ व खडक ओलांडत गावाकडे निघतात. आगगाडी, घोडे आणि उजाड भूप्रदेश ही ‘वेस्टर्न’ची, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरील बंदूकधाऱ्यांच्या चित्रपटांची, ठरलेली सामग्री असून सर्जिओ लिओने यांच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) या चित्रपटाचा प्रारंभही अशाच एका स्थानकावर होतो. तिथे मात्र तीन मारेकरी गाडीची वाट पाहत बसतात आणि चेहऱ्यावरची माशी, टोपीवर ठिबकणारे पाणी एवढ्यावर दिग्दर्शक कितीतरी मिनिटे प्रेक्षकाला ताटकळत ठेवतो. ‘शोले’त ताटकळणे नाही, राहुलदेव बर्मन यांच्या संगीतावर द्वारका दिवेचा यांचा कॅमेरा एकही संवाद न उच्चारता कर्नाटकातल्या रामनगरजवळच्या खडकांचे कथेतले ‘रामगढ’ गाव करून टाकतो.

यानंतरचे दृश्य बारकाईने पाहण्याजोगे आहे. हवेलीत ठाकूर बलदेवसिंग भेटतात ते दोन्ही खांद्यांवरून शाल पांघरून, आणि वयस्क, खानदानी माणसाच्या अंगावर शाल असणे इतके स्वाभाविक असते की तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. ते जय आणि वीरू या दोन भुरट्या गुन्हेगारांचा शोध घेत आहेत, आणि कशासाठी, हा उघड प्रश्न आहे. त्या प्रश्नाच्या आड दुसरा, न विचारलेला प्रश्न बेमालूम दडवला आहे. लगेच येणाऱ्या पूर्ववृत्तात, म्हणजे कथेच्या आधी घडलेल्या प्रसंगाच्या दृश्यात, मालगाडीवर दरोडेखोरांचा हल्ला होतो आणि इन्स्पेक्टरच्या गणवेशातले ठाकूर हातात पिस्तूल घेऊन लढताना दिसतात. ते हात प्रेक्षकाच्या डोळ्यांत इतके ठसतात की पुढे गब्बर या डाकूच्या अत्याचाराची हकिगत कळून शाल खांद्यावरून घसरते आणि ठाकूरना हातच उरलेले नाहीत हे दिसते तेव्हा धक्का दुप्पट बसतो. मालगाडीच्या याच प्रसंगात जखमी ठाकूरना रुग्णालयात न्यायचे की पळून जायचे याचा निर्णय जय नाणे उडवून घेतो, आणि त्या नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्याच होत्या हे शेवटापर्यंत कळत नाही. ‘शोले’ला मिळालेला एकमेव फिल्मफेअर पुरस्कार संकलनासाठी एम. एस. शिंदे यांना मिळाला होता, आणि केवळ या मालगाडीच्या प्रसंगाची कापणी पाहिली तरी तो पटतो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या मराठी चित्रपटाने अगदी वेगळी वाट धरली आहे. वयोवृद्ध शाहीर नारायण कांबळे घरी मुलांना शिकवतात, मग बसने कार्यक्रमाच्या ठिकाणी जातात, मंचावर गाऊ लागतात आणि तिथेच पोलीस येतात. हे सगळे दूरवर स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्यातून दिसते. चेहरा जवळून दाखवून ‘हा नायक’ असे कोणी सांगत नाही, अटकेच्या क्षणी संगीत वाढत नाही. न्यायालयीन नाट्याच्या अपेक्षेने आलेल्या प्रेक्षकाला ही अलिप्तता आधी खटकते, परंतु माणसाचे प्रकरण कसे होते, हेच पाहायचे आहे याची सवय तिच्यामुळे त्याच्या डोळ्यांना लागते. शिकवणीतल्या मुलांनी सुरू झालेला हा चित्रपट संपतो तोही मुलांवरच : सुट्टीवर गेलेले न्यायाधीश बागेतल्या बाकावर डुलकी घेत असतात, मुले ओरडून त्यांना दचकवतात, आणि ते हाताशी सापडलेल्या एकाच्या थोबाडीत मारतात.