अपंगांचे क्रीडाधोरण : तुलनेचे माप कोणते?

२०२४ साली पॅरिस येथे भरलेल्या पॅरालिंपिक स्पर्धांत ब्रिटनला १२४ पदके मिळाली, तर भारतास २९. हे आकडे शेजारी मांडले की, ब्रिटनचे अपंगविषयक क्रीडाधोरण भारताच्या चौपट सरस, असे अनुमान सहज निघते. परंतु ते घाईचे होय.

पहिली अडचण व्याख्येची. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के, ब्रिटनमधील पाहण्यांत ते जवळजवळ लोकसंख्येच्या चौथ्या हिश्शाइतके भरते. याचे एक मोठे कारण मापांतील भेद होय. भारताच्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार असून आरक्षणादी लाभांसाठी किमान ४० टक्क्यांचा दाखला लागतो. ब्रिटनचा २०१० चा कायदा टक्केवारी मागतच नाही. नित्याच्या व्यवहारांत वर्षभर वा अधिक काळ लक्षणीय बाधा येते की नाही, एवढेच पाहतो. तेव्हा दर अपंगामागे खर्च किती, हा हिशेब करू जाता दोहोंकडील भाजकच निराळे ठरतात.

मैदानावर तर तिसरेच माप चालते. सांगोल्यास लागून असलेल्या आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी यांनी पॅरिस येथे १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळविले. त्यांचा वर्ग एफ ४६, म्हणजे हाताचे वैगुण्य असलेल्यांचा. तेथे दाखल्यावरील टक्के पाहत नाहीत. फेकीस अडथळा कितपत येतो, हे तपासतात.

पैशाचा हिशेबही असाच गुंतागुंतीचा. भारतात क्रीडा हा राज्यांचा विषय असल्याने केवळ दिल्लीचे अंदाजपत्रक पाहून भागत नाही. ब्रिटनमध्ये सरकारी निधीस लॉटरीच्या उत्पन्नाची जोड असते. शिवाय, १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. ते यश क्रीडाखात्याच्या नावे मांडावे, की सैनिकांच्या शुश्रूषेच्या?

यास्तव पदकांपेक्षा एकच साधे उदाहरण घेऊन प्रत्येक देशास तेच प्रश्न विचारणे अधिक न्याय्य होईल. सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावी एका हाताने अधू असलेल्या मुलीस खेळावयाचे आहे. तिला मैदान किती अंतरावर मिळेल? शिकविणारा कोण? वर्गनिश्चितीसाठी परगावी जाण्याचा खर्च कोण सोसणार? आणि पदक न मिळाल्यास तिचा खेळ चालू राहील काय? या प्रश्नांची उत्तरे पदकांच्या कोष्टकात सापडत नाहीत; परंतु धोरणाची खरी परीक्षा तेथेच होते.