व्हर्च्युअलबॉक्स सारखं गायब होतंय? पुन्हा इन्स्टॉल करायच्या आधी हे बघा



आपल्यातले बरेच जण धंदा घरच्याच कॉम्प्युटरवर चालवतात. त्यावरच मुलांचा अभ्यास, त्यावरच गेम आणि त्यावरच आपली बिलं. त्यातल्या काही जणांचं एखादं जुनं सॉफ्टवेअर असतं, जे नव्या विंडोजवर चालत नाही. जुनं बिलिंग, जुनं लेबल प्रिंटिंग, एम्ब्रॉयडरीचं डिझाइन पंच करायचं सॉफ्टवेअर वगैरे. मग कोणीतरी जाणकार व्हर्च्युअलबॉक्स टाकून देतो. म्हणजे काय, तर तुमच्या कॉम्प्युटरच्या आत एक खोटा कॉम्प्युटर, ज्यात जुनं विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ सुखाने चालतं. व्यवस्था चांगली आहे, आणि नवीन मशीनला लाखभर घालण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

पण मग एक दिवस सकाळी बघावं तर व्हर्च्युअलबॉक्स जागेवर नाही. परत टाकलं, पंधरा दिवसांनी परत गायब. अशा वेळी बहुतेक लोक दोन गोष्टी करतात: एक तर तिसऱ्यांदा इन्स्टॉल करतात, नाहीतर कॉम्प्युटरवाल्याला बोलावतात. तो म्हणतो, "विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारू."

इथेच थांबा. फॉरमॅटला अजिबात हो म्हणू नका.

कारण सांगतो. व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्रॅम वेगळा आणि त्यात चालणारं तुमचं मशीन वेगळं. प्रोग्रॅम म्हणजे शेगडी, मशीन म्हणजे पातेलं. शेगडी कोणी उचलून नेली म्हणून पातेल्यातली आमटी सांडत नाही. तुमचं अख्खं जुनं विंडोज, त्यातलं सॉफ्टवेअर, तीन वर्षांची बिलं हे सगळं साधारणपणे एका मोठ्या फाइलमध्ये असतं. तिच्या नावाच्या शेवटी डॉट व्हीडीआय असतं. तुम्ही जागा बदलली नसेल तर ती सी ड्राइव्हमध्ये, यूजर्स फोल्डरमध्ये, तुमच्या नावाच्या फोल्डरखाली 'व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स' या फोल्डरमध्ये सापडते. व्हर्च्युअलबॉक्स अनइन्स्टॉल केलं तरी हे फोल्डर तिथेच राहतं. पण सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, तर संपलं.

म्हणून पहिलं काम, ते फोल्डर आहे का बघा. असेल तर निम्मा जीव भांड्यात पडला. ते फोल्डर जसंच्या तसं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि मगच पुढचा तपास. नुसती व्हीडीआय फाइल उचलू नका, पूर्ण फोल्डर घ्या. स्नॅपशॉट घेतलेले असतील तर नंतरचा डेटा आतल्या वेगळ्या फाइल्समध्ये असतो. पेनड्राइव्हवर कॉपी करताना मधेच एरर आली, तर पेनड्राइव्ह बहुतेक फॅट३२ पद्धतीचा आहे. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही. त्याला एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. (पेनड्राइव्हला बरं का, कॉम्प्युटरला नाही!)

आता दुसरा प्रश्न: नेमकं काय गायब झालंय? हे कोणी विचारत नाही आणि सगळा गोंधळ इथेच होतो. डेस्कटॉपवरचं चिन्ह दिसत नाही, म्हणून प्रोग्रॅम गेला असं नसतं. स्टार्ट मेनूत नाव टाइप करून बघा. सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत आहे का बघा. तिथे असेल तर फक्त शॉर्टकट उडालाय, नवा करा आणि कामाला लागा.

प्रोग्रॅम उघडतोय, पण डावीकडची मशीनची यादी रिकामी आहे? मग तुम्ही कोणत्या नावाने लॉगिन केलंय ते बघा. व्हर्च्युअलबॉक्स सगळ्या कॉम्प्युटरसाठी एकदाच बसतं, पण मशीनची यादी प्रत्येक यूजरची वेगळी असते. घरात मिस्टरांचं एक अकाउंट, मुलाचं दुसरं, तुमचं तिसरं असेल, तर दुसऱ्याच्या अकाउंटमध्ये तुमचं मशीन दिसणारच नाही. आणि यादीत नाव आहे, पण शेजारी 'इनॲक्सेसिबल' लिहिलंय, तर बहुधा मशीन बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवलेलं असतं आणि ती डिस्क लावलेली नसते किंवा तिचं ड्राइव्हचं अक्षर बदललेलं असतं. काल ई होती, आज एफ झाली, एवढंच.

समजा खरंच प्रोग्रॅमच उडालाय. मग तो कोणी काढला हे कॉम्प्युटर स्वतः लिहून ठेवतो. स्टार्टमध्ये इंग्रजीत 'रिलायबिलिटी' टाइप करा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. तारखांचा तक्ता येतो. कोणत्या दिवशी काय बसलं, काय निघालं, कोणता अपडेट आला, सगळं त्यात असतं. आणखी खोलात जायचं असेल तर 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा, विंडोज लॉग्ज, मग ॲप्लिकेशन. तिथे 'एमएसआयइन्स्टॉलर' या नावाच्या नोंदी शोधा. १०३४ किंवा ११७२४ क्रमांकाची नोंद म्हणजे प्रोग्रॅम रीतसर काढून टाकलाय. त्याच नोंदीत वेळ असते आणि कोणत्या यूजरच्या नावाने काढला तेही असतं.

या नोंदीने काय होतं ते ऐका. आपल्या प्रशिक्षणवर्गातल्या एक ताई घरून कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या ऑर्डर घेतात. पंचिंगचं सॉफ्टवेअर जुनं, एक्सपीवरच चालणारं. ऐन लग्नसराईत दोन महिन्यांत तीनदा व्हर्च्युअलबॉक्स गेलं. दर वेळी टेक्निशियनचे पाचशे रुपये, आणि त्याहून वाईट म्हणजे दोन-दोन दिवस ब्लाऊजचं काम अडून. गिऱ्हाईकाला काय, लग्नाची तारीख पुढे जात नसते. टेक्निशियन म्हणायचा व्हायरस आहे. नोंद उघडली, तर तिन्ही वेळा रविवार दुपार, आणि यूजर त्यांचा मुलगा. त्याला मोबाइलवरचा गेम कॉम्प्युटरवर खेळायचा होता. त्यासाठी लागणारा एम्युलेटर अडखळत होता, आणि कुठल्यातरी व्हिडिओत सांगितलं होतं की आधी व्हर्च्युअलबॉक्स काढा. पोराने काढलं. आई ते वापरते हे त्याला माहीतही नव्हतं. दोष देणार कोणाला?

उपाय पंधरा मिनिटांचा होता. मुलासाठी वेगळं अकाउंट, आणि ते 'स्टँडर्ड' प्रकारचं, 'ॲडमिनिस्ट्रेटर' नाही. असे प्रोग्रॅम काढायला मग ॲडमिनचा पासवर्ड लागतो. मला विचाराल तर घरच्या कॉम्प्युटरवर धंदा करणाऱ्या प्रत्येकाने हे आजच करावं, व्हर्च्युअलबॉक्स असो वा नसो.

दर वेळी घरातलंच कोणी असतं असं नाही. लाईट वारंवार जाते, अशा ठिकाणी कॉम्प्युटर धाडकन बंद पडतो, मग चालू होताना दुरुस्तीचा निळा पडदा येतो आणि घाईत कोणीतरी 'सिस्टम रिस्टोर' दाबतं. रिस्टोर म्हणजे कॉम्प्युटर जुन्या तारखेच्या स्थितीत नेणं. त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्रॅम त्यात जातात, तुमच्या फाइल्स राहतात. 'रीसेट धिस पीसी' केलं आणि 'कीप माय फाइल्स' निवडलं तरी तेच, फाइल्स राहतात, बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम जातात. त्यानंतर डेस्कटॉपवर काढलेल्या ॲप्सची यादी असलेली फाइल विंडोजच ठेवतं. ती दिसली की कोडं सुटलं.

मोठ्या अपडेटच्या वेळीही लक्ष ठेवा. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं, तेव्हा विंडोजच्या स्वतःच्या हायपरव्हायझरशी व्हर्च्युअलबॉक्सचं जमत नव्हतं आणि मशीन सुरू होत नव्हती. व्हर्च्युअलबॉक्सची पुढची आवृत्ती आल्यावर ते मिटलं. अशा वेळी जुनी आवृत्ती काढून नवी टाकावी लागते. ती परत टाकायला आपणच विसरतो आणि म्हणतो गायब झालं.

मग येतो अँटिव्हायरस. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'प्रोटेक्शन हिस्टरी' बघा. तिथे नाव सापडलं, तर लगेच 'अलाऊ' दाबू नका. आधी स्वतःला विचारा, ही फाइल आणली कुठून? व्हर्च्युअलबॉक्स मूळ साइटवर, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स डॉट ऑर्गवर, फुकट मिळतं. उतरवलेल्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' बघा, ओरॅकलचं नाव हवं. भलत्याच साइटवरून आणलेली फाइल अँटिव्हायरसने उडवली असेल, तर त्याने तुमच्यावर उपकारच केलेत. क्रॅक केलेल्या व्हीएमवेअरचंही तेच. आता त्याची गरजही उरलेली नाही. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून व्यवसायासाठीसुद्धा मोफत आहे.

परवान्याचं निघालंच आहे, तर एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगतो. व्हर्च्युअलबॉक्स धंद्यासाठी वापरायला मोफत आहे, पण त्याचा 'एक्स्टेन्शन पॅक' नाही. तो घरगुती आणि शैक्षणिक वापराला फुकट, व्यवसायासाठी विकत. पूर्वी यूएसबी २ आणि ३ साठी तो घालावा लागायचा, म्हणून डोंगलवाले लोक सवयीने टाकतात. ७.० आवृत्तीपासून ती सोय मूळ प्रोग्रॅममध्येच आली आहे. आणि हो, आतल्या विंडोजलाही स्वतःचा परवाना लागतो.

सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला असेल तर एक छोटी चाचणी करा. डेस्कटॉपवर एक नोटपॅडची फाइल बनवा, त्यात काहीही लिहा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. फाइल गेली? मग तो कॉलेजच्या लॅबमधून किंवा सायबर कॅफेतून आलेला असू शकतो, आणि त्यावर डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर अजून चालू असेल. घड्याळाच्या बाजूला पांढऱ्या अस्वलाचं चिन्ह दिसतंय का बघा. हे सॉफ्टवेअर प्रत्येक रीस्टार्टला सगळं पहिल्यासारखं करतं. इथे मात्र आमटीही जाते, मघाचा शेगडीचा दिलासा चालत नाही! विकणाऱ्याकडून त्याचा पासवर्ड घ्या किंवा ते काढून मागा, तोवर त्यावर एकही बिल बनवू नका. दुसरी शक्यता अशी की विंडोजने तुम्हाला 'टेंपररी प्रोफाइल'वर लॉगिन केलंय. त्यातलं सगळं लॉगआउट होताच पुसलं जातं. तसा इशारा पडद्यावर येतो, आपण तो न वाचता बंद करतो.

कारण सापडलं, बंदोबस्त केला, की मगच पुन्हा इन्स्टॉल करा. टाकल्यावर नवीन मशीन बनवत बसू नका. आधी यादी बघा, बऱ्याचदा जुनं मशीन आपोआप दिसतं. नाही दिसलं तर 'मशीन' मेनूत 'ॲड' दाबा आणि जुन्या फोल्डरमधली डॉट व्हीबॉक्स फाइल निवडा. सगळं होतं तसं उभं राहतं, डोंगलची सेटिंगसुद्धा.

एक्सपी वापरत असाल तर त्या मशीनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'नॉट अटॅच्ड' निवडा. एक्सपीची सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला बंद झाली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला. पंचिंगला किंवा बिल छापायला इंटरनेट लागत नाही.

आणि बॅकअप. दर शनिवारी काम संपलं की आतलं विंडोज नीट शट डाउन करा. 'सेव्ह स्टेट' नको, पूर्ण बंद. मग ते फोल्डर बाहेरच्या डिस्कवर टाका. महिन्यातून एकदा ती कॉपी दुसऱ्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर ॲड करून मशीन चालू होतंय का बघा. डोंगल सोबत न्यायला विसरू नका, नाहीतर सॉफ्टवेअर उघडणार नाही आणि तुम्हाला वाटेल बॅकअपच खराब आहे.