वऱ्हाडी हिवाळ्यातील डेलिया

दसऱ्या-दिवाळीला ज्याच्यावाचून आपले दार सजत नाही तो झेंडू, ज्याच्या दांड्यांवाचून लग्नाचा मांडव पुरा होत नाही तो निशिगंध, आणि पौष-माघात मोजक्याच अंगणांत फुलणारा डेलिया, ही तिन्ही फुले मूळची मेक्सिकोची. परंतु पहिल्या दोघांना मराठी माणसाने देवघरात आणि मांडवात कायमची वहिवाट दिली, आणि तिसऱ्याला मात्र तो अजून पाहुणा म्हणूनच वागवतो. याची कारणे उघड आहेत. डेलियाला सुगंध नाही. तो माळेत ओवावा तर पाकळ्या चुरगळतात, आणि देवाला वाहावा तर त्याच्या विस्तारापुढे मूर्तीच झाकली जाते. ज्याचा उपयोग केवळ पाहण्यापुरता आहे, अशा फुलासाठी वर्षभर खपणे हा व्यवहारी कुणब्याच्या हिशेबात न बसणारा उद्योग होय. तरीही जो एकदा डेलियाच्या नादी लागला तो सहसा त्यातून सुटत नाही, आणि हा नाद नेमका कशाचा, त्याची खरी परीक्षा कोणत्या महिन्यात होते, याचा विचार वाशीम जिल्ह्यातील मानोऱ्यासारख्या ठिकाणी उभे राहून केला असता काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात.

1998 साली अकोल्यापासून वाशीम जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्या जिल्ह्यात आलेला हा तालुका अरुणावतीच्या खोऱ्याचा, कपाशी, तूर आणि सोयाबीनच्या काळ्या जमिनीचा आणि पोहरादेवीच्या यात्रेला जाणाऱ्या बंजारा तांड्यांच्या वाटेवरचा. नकाशावर पाहिले तर मानोरा विसाव्या अक्षांशाच्या जवळ येते आणि मेक्सिको शहरही विसाव्याच्या किंचित खालीच आहे. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने डेलियाचे माहेर आणि मानोऱ्याचे अंगण एकाच ओळीत. भेद आहे तो उंचीचा. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटरांवर वसले आहे, आणि त्या पठारावर भर पावसाळ्यातही हवा शीतल राहते. आपल्याकडे मात्र वैशाखात पारा बेचाळीस अंशांच्या पुढे सहज जातो. दिवसा वीस-पंचवीस अंश आणि रात्री त्याहून बराच गारवा, अशी जी हवा या वनस्पतीला मानवते, ती वऱ्हाडात कार्तिकापासून माघापर्यंतच मिळते. त्यामुळे जे फूल आपल्या मायदेशी पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत फुलते, युरोपात जुलैपासून पहिला दहिवर पडेपर्यंत फुलते, तेच येथे रब्बीच्या हंगामाचे होऊन बसले आहे.

या फुलाचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा वैद्य फ्रान्सिस्को हर्नांदेझ याने सोळाव्या शतकाच्या आठव्या दशकात मेक्सिकोत फिरून तेथील वनस्पतींचे जे दप्तर तयार केले, त्यात डेलियाची नोंद आणि चित्रे आढळतात. पुढे दोन शतके युरोपने तिकडे लक्ष दिले नाही. 1789 च्या सुमारास मेक्सिकोच्या वनस्पतिउद्यानातून व्हिसेंते सेर्व्हांतेस याने माद्रिदच्या राजोद्यानात आबे कावानिय्येस याच्याकडे बी धाडले, ते रुजले, फुलले, आणि 1791 मध्ये कावानिय्येसने लिनियसचा स्वीडिश शिष्य आंद्रेआस डाल याच्या स्मरणार्थ त्याला आजचे नाव दिले. 1804 च्या आसपास हुम्बोल्ट आणि बोंप्लां यांनी पाठवलेल्या बियाण्याने पॅरिस व बर्लिनच्या बागांत नवे रक्त आले, आणि दुहेरी पाकळ्यांची फुले दिसू लागताच साऱ्या युरोपात डेलियाचे वेड पसरले. 1872 मध्ये मेक्सिकोहून हॉलंडमध्ये आलेल्या एका पेटीतील मुळ्या प्रवासात कुजून गेल्या. एकच जिवंत राहिली, आणि तिला जे लालभडक, पाकळ्या मागे वळून नळीसारख्या गुंडाळलेले फूल आले, त्याला मेक्सिकोचा अध्यक्ष बेनितो हुआरेझ याचे नाव देण्यात आले. आज निवडुंगी अथवा कॅक्टस म्हणून ओळखला जाणारा सारा वर्ग त्या एका वाचलेल्या कंदाच्या वंशातला. 1963 मध्ये मेक्सिकोने डेलियाला राष्ट्रीय पुष्पाचा मान दिला.

ज्याला आपण डेलियाचे फूल म्हणतो ते वास्तविक एक फूल नव्हेच. सूर्यफूल, शेवंती आणि झेंडू यांच्याप्रमाणे तो शेकडो पुष्पकांचा एकत्र संसार आहे. मध्यभागी पिवळ्या नलिकाकार पुष्पकांची बिंब-चकती आणि कडेला जिभेच्या आकाराच्या किरणपुष्पकांची एक ओळ, एवढीच रानटी डेलियाची मांडणी. मनुष्याने निवड करकरून हे किरण वाढवले, मध्याची चकती झाकून टाकली, किरणांना कोठे सपाट, कोठे आतल्या बाजूस वळलेले, कोठे बाहेरच्या बाजूस गुंडाळलेले रूप दिले, आणि त्यातून एवढे वर्ग निर्माण झाले की इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीला त्यांचे चौदा गट पाडावे लागले. एकेरी पाकळ्यांचा वर्ग साधेपणातच शोभतो. ज्यात मोठ्या किरणांच्या आत आखूड पाकळ्यांचे निराळ्या रंगाचे वलय असते तो कॉलरेट. मध्यभाग उशीसारखा फुगलेला तो ॲनिमोन. कमळासारखा पसरट व मोजक्या पाकळ्यांचा तो वॉटरलिली. रुंद, सपाट पाकळ्यांचा भरगच्च तो डेकोरेटिव्ह. चेंडूसारखा गोल तो बॉल. आणि ज्याचा व्यास सुमारे पाच सेंटिमीटरांपलीकडे जाऊ दिला जात नाही, ज्याची प्रत्येक पाकळी मधमाश्यांच्या पोळ्यातील घरासारखी आतून वळलेली असते, तो पॉम्पॉन. दुसऱ्या टोकाला पंचवीस सेंटिमीटरांहून मोठी, मनुष्याचे मुख झाकेल अशी महाकाय फुले आहेत. नवशिक्या रसिकाची दृष्टी प्रथम या महाकायांवर खिळते, हे स्वाभाविक आहे. परंतु पाकळ्यांची ओळ ओळीत किती चोख बसली आहे, देठ फुलाचे वजन मान न टाकता पेलतो की नाही, मागल्या पाकळ्या अजून ताज्या आहेत की कोमेजू लागल्या आहेत, हे तपशील पाहू लागले की तीच दृष्टी हळूहळू पॉम्पॉनच्या बांधेसूदपणाकडे वळते.

या विविधतेचे रहस्य बीजात आहे. सामान्य वनस्पतीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, बागेतील डेलियात ते आठ असून एकूण गुणसूत्रे 64 भरतात. त्यामुळे एका फुलाच्या बियांपासून आलेली रोपे आईसारखी निघतील याची कोणतीही हमी देता येत नाही. बी पेरणे म्हणजे नव्या रूपाची सोडत काढणे, आणि आवडलेले रूप टिकवायचे तर कंद किंवा छाट कलम यांखेरीज मार्ग नाही. रंगांचेही तसेच. तांबड्या-जांभळ्या छटा अँथोसायनिन रंगद्रव्यांच्या, पिवळा ब्युटीनसारख्या द्रव्यांचा, हस्तिदंती पांढरा फ्लॅव्होनांचा. काळसर डेलियात एका द्रव्याची निपज मंदावल्याने सायनिडिन साठत जाते. पाकळीचे टोक पांढरे आणि बूड लाल अशा दुरंगी फुलांत रंग घडवणारे एक जनुक पाकळीच्या त्या भागात मुके होते, आणि ही मुकेपणाची व्यवस्था पक्की नसल्यामुळे त्याच झाडावर एखादे फूल अचानक संपूर्ण लाल येते. विक्रेत्याने फसवले, असा ग्रह करून घेण्याआधी रसिकाने एवढे जाणून असावे. निळा तेवढा येथे नाही. कारण निळ्या रंगाला लागणारे डेल्फिनिडिन घडवण्याची सोय डेलियाच्या अंगातच नाही, आणि निळा म्हणून जो विकला जातो तो फिका जांभळा असतो.

आपल्या देशात या फुलाची जोपासना प्रथम कलकत्त्याकडे रुजली. विल्यम कॅरीने 1820 मध्ये स्थापन केलेल्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीचे आणि पुढे रामकृष्ण संघाचे संन्यासी स्वामी विनयानंद यांचे नाव डेलियाच्या शौकिनांत आजही आदराने घेतले जाते. महाराष्ट्रात पुण्याची एम्प्रेस गार्डन, 1862 मध्ये खुली झालेली मुंबईची राणीबाग आणि आपल्या विदर्भात कृषी महाविद्यालयाच्या सान्निध्यातील नागपूरची महाराजबाग, ही हिवाळी फुले पाहायची ठिकाणे. पुण्याचे पुष्पप्रदर्शन जानेवारीअखेर प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास भरते, आणि महाराष्ट्राच्या पठारावरील डेलिया त्याच मुदतीत भरात असतो.

आता मानोऱ्याच्या अंगणाकडे वळू. येथील काळी माती कपाशीला वरदान असली तरी डेलियाला ती शापच ठरते. कारण पाणी प्याली की ती फुगून हवा कोंडते, वाळली की भेगाळून मुळ्या तोडते, आणि कोंडलेल्या ओलीत कंद आठवड्यात सडतात. म्हणून जमिनीत लावायचे तर उंच गादीवाफा, आणि शक्य तर दहा-बारा इंची कुंडीच बरी. गावठाणातील पांढरीची माती दोन भाग, पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग व नाल्याची धुतलेली रेती एक भाग, त्यात मूठभर हाडांचा चुरा आणि थोडी निंबोळी ढेप, हे मिश्रण येथे चांगले साधते. सरकीची ढेप कुजवून तिचे पातळ पाणी पंधरवड्याला एकदा द्यावे. पण कळी दिसू लागली की हात आखडता घ्यावा, कारण नत्राचा अतिरेक झाला म्हणजे पाने माजतात, देठ लुळे पडतात आणि कंद कच्चे राहतात.

श्रावण-भाद्रपदात उगवण धरलेल्या कंदांवरील तीन-चार इंचांचे कोंब पेऱ्याखाली कापून ओल्या रेतीत लावले, तर पंधरा-वीस दिवसांत मुळ्या फुटतात, आणि आश्विन संपता संपता ती रोपे कुंडीत गेली पाहिजेत. या घाईमागे शास्त्र आहे. डेलियाला दिवस आखूड होत चालल्याचे कळते. दिवस बारा तासांच्या खाली उतरू लागला की झाड कळ्या धरते आणि बळ कंदाकडे वळवू लागते. मानोऱ्यात मार्गशीर्ष-पौषाचा दिवस जेमतेम अकरा तासांचा, तेव्हा उशिरा लावलेले झाड अंग धरण्यापूर्वीच फुलावर येऊन खुजे राहते. लहान फुलांच्या जातींचा शेंडा पानांच्या तीन-चार जोड्यांनंतर खुडावा म्हणजे झाड डेरेदार होते. मोठ्या फुलांच्या जातींत उलट मोजकेच फुटवे ठेवावेत, आणि टोकाशी येणाऱ्या तीन कळ्यांपैकी मधली राखून बाजूच्या दोन मटराएवढ्या असतानाच काढून टाकाव्यात. आधाराला बाजारची काठी नको. गेल्या वर्षीची सरळ तुराटी यासाठी उत्तम.

कपाशीवर येणारा मावा आणि फुलकिडे डेलियालाही सोडत नाहीत, आणि माघानंतर ऊन चढू लागले की पानांच्या पाठीवर लाल कोळी जाळे धरतो. माव्याचा बंदोबस्त वेळीच केला पाहिजे, कारण तो मोझॅक रोगाचे विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो; पानांवर पिवळट चट्टे पडून झाड खुरटले तर ते कंदासकट नष्ट करावे, मग जात कितीही दुर्मीळ असो. फूलदाणीसाठी फूल काढायचे ते भल्या सकाळी आणि पूर्ण उमललेले, कारण तोडलेली कळी डेलियात पुढे उमलत नाही.

संक्रांतीला अंगण भरते, महाशिवरात्रीपर्यंत बहर ओसरतो आणि शिमग्याला फुले लहान व फिकट होतात. बहुतेक हौशी लोकांची डेलियाशी सोयरीक येथेच तुटते. कुंडी कोपऱ्यात सरकते आणि पुढल्या वर्षी पुन्हा नवी रोपे विकत येतात. वास्तविक डेलियाचे खरे काम या वेळी सुरू होते. युरोपातील माळी थंडीच्या भयाने कंद काढून ठेवतो, आपण उन्हाच्या आणि मृगाच्या भयाने. ऋतू उलटे, युक्ती एकच. पाने पिवळी पडली की पाणी क्रमाने तोडावे, खोड वीतभर राखून कापावे, आणि गड्डा न दुखवता उकरून सावलीत चार दिवस सुकवावा. डेलियाच्या कंदाला बटाट्यासारखे डोळे अंगभर नसतात. डोळा असतो तो खोडाच्या बुडाशी, मानेवर, आणि मान तुटलेला कंद कितीही पुष्ट असला तरी तो कधी उगवत नाही. म्हणून गड्डे फोडायचे तर प्रत्येक भागाला मानेचा तुकडा राहील अशा बेताने. राख चोळून, कोरड्या रेतीच्या थरांत, मातीच्या पसरट भांड्यात, जातीच्या नावाची पत्र्याची पट्टी बांधून ते घरातील सर्वांत थंड कोनाड्यात ठेवावेत. पुढे पोहरादेवीची रामनवमीची यात्रा येते, मग अक्षय्य तृतीया, मग रोहिणीचे ऊन; या तीन महिन्यांत पंधरवड्यातून एकदा रेती उपसून पाहावी, सुरकुतलेल्या कंदांवर पाण्याचे चार शिंतोडे द्यावेत आणि सडलेला कंद तत्काळ बाजूला करावा. पाणी जास्त झाले तर सड, कमी झाले तर शुष्कता. ही मधली रेघ सांभाळणे पुस्तकापेक्षा हाताला अधिक कळते.

येथेच या फुलाच्या रसिकतेची कसोटी लागते. डेलियाची एकेक जात हजारो बियांतून कोणा एका माणसाने निवडलेले एकच रोप असते, आणि ती जात जगात शिल्लक राहते ती केवळ कोणी तरी तिचा कंद दर वर्षी जपतो म्हणून. बियांतून ती परत मिळण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. 1872 च्या पेटीतील तो एक कंद कोणी टाकून दिला असता तर कॅक्टसचा सारा वर्ग आज वेगळाच असता, किंवा नसताच. तेव्हा प्रदर्शनांच्या चालकांना एक तजवीज सुचवावीशी वाटते: फुलापुढील चिठ्ठीवर जातीचे आणि मालकाचे नाव असते, तेथेच त्या झाडाचा कंद किती उन्हाळे राखला आहे याचाही आकडा लिहावा आणि गुण देताना तो धरावा. मग जानेवारीत विकत आणलेल्या कुंडीतील ताटाएवढ्या फुलापेक्षा, मानोऱ्याच्या उन्हात चार वर्षे जगवलेल्या कंदाचे वीतभर फूल वरच्या मानाला पात्र ठरेल, आणि ते न्यायाचे होईल.